मधोमध अडकणारं हँडल

अक्का, तुला माती देऊन आम्ही परत आलो, पाय धुतले, आणि दादा घरात न जाता सरळ तुझ्या सायकलीकडं गेला. तू शेवटची टेकवलीस तशीच ती अंगणातल्या लिंबाला टेकून उभी होती. खांद्यावरच्या टॉवेलनं त्यानं सीट पुसली, हँडल पुसलं, घंटीवरची धूळ फुंकली, आणि उचलून तिला बैठकीत आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी हँडलला झेंडूचा हार होता. भेटायला येणारी माणसं आधी तुझ्या फोटोला हात जोडत आणि मग सायकलीला.

भिंतीत खुंट्या ठोकून तिला तिथंच कायमची टांगायची, खाली तुझं नाव लिहायचं, असं दादाचं ठरलं होतं. आल्यागेल्याला दिसलं पाहिजे म्हणाला, की आमची बहीण नर्सबाई होती आणि ह्या सायकलीवर गावोगाव फिरून तिनं अडलेल्या बाळंतिणी सोडवल्या. वहिनीनं मान डोलावली. लातूरहून निघाले तेव्हापासून माझं अंग दगडाचं झालं होतं. लोक गळ्यात पडून रडत होते आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते, जणू त्यांचंच कुणी गेलंय.

तिसऱ्या दिवशी स्वामी पूजेला यायचे होते. सतरंजी अंथरायला जागा हवी म्हणून मी सायकल बाजूला घ्यायला गेले. दारातून काढताना हँडल वळवलं, आणि परत सरळ आणताना ते मधोमध आलं तसं कट्‌कन बसलं. पुन्हा वळवायला गेले तर वळेना. जोर लावला तेव्हा खड्ड्यातून चाक निघावं तसं झटक्यानं सुटलं. तो झटका माझ्या मनगटापासून खांद्यापर्यंत गेला. तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं अक्का, पण त्याच्या आधी राग आला. तुझा. फार राग आला.

दिवाळीपासून तू फोनवर डाव्या हाताचं सांगत होतीस. आधी सहज, बोलता बोलता. मग मी विचारलं तरच. हात जड वाटतो, दंडात कळ येते, संध्याकाळी जास्त. मी म्हटलं लातूरला ये, इथं चांगला डॉक्टर बघू. तू म्हणालीस, "अगं मंगे, हँडल मधोमध अडकून राहिलंय. दिवसभर हात ताठ धरून ते रेटावं लागतंय. आतल्या बेअरिंगच्या वाट्या बदलल्या की हात आपोआप बरा." मग तू विषय बदलायचीस. मुदखेडला थंडी किती, लिंबावर घार कशी बसते. मी पुन्हा हाताचं काढलं की म्हणायचीस, नर्स कोण आहे, तू का मी?

हाच तर प्रश्न आहे ना अक्का. नर्स तू होतीस. डावा हात, दंडातली कळ, संध्याकाळचा थकवा, हे दुसऱ्या कुण्या बाईनं तुला सांगितलं असतं तर तू तिला उभ्या पायी नांदेडला नेलं असतंस. तिच्या घरच्यांशी भांडली असतीस. मग स्वतःच्या वेळेला तुला काय झालं? तुला माहीत होतं आणि तू आमच्यापासून लपवलंस, का तुला खरंच वाटत होतं की सगळा दोष हँडलचा आहे? त्या दिवशी दुपारी गावाहून आलीस, सायकल टेकवलीस, ओट्यावर बसलीस आणि बसल्या जागी कलंडलीस. दादा तुला नांदेडला घेऊन पोचला तेव्हा तू राहिली नव्हतीस. विचारायचं कुणाला आता?

तुला विचारता येत नव्हतं. सायकलीला विचारता येत होतं.

पूजा झाली, पंगत उठली, पाहुणे पांगले. मी हँडलवरचा हार काढून तुझ्या फोटोला घातला आणि सायकल अंगणात आणली. आपल्या अप्पांचा पान्यांचा पत्र्याचा डबा मला ठाऊक होता त्याच फळीवर होता. दादा मागून आला. काय करतेस म्हणाला. मी म्हटलं, हिचं हँडल खोलून बघायचंय. तो म्हणाला, मंगल, असू दे तशी. तिचा हात लागलेली आहे.

"तिचा हात दुखवणारी आहे," मी म्हटलं.

तो आत निघून गेला आणि दार लोटून घेतलं.

तुला आठवतंय, अप्पांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान बंद झालं तेव्हा बाकीच्या सगळ्या सायकली गेल्या आणि ही एकटी राहिली. तू हट्टानं ठेवून घेतलीस. नोकरीला लागलीस तेव्हा लोक म्हणाले, मर्दानी सायकलीवर बाई कशी बसणार. तू ओट्याच्या कडेला लावून पाय टाकून बसायचीस आणि स्टेशनच्या रस्त्यानं घंटी वाजवत निघून जायचीस. दुकानात असताना चाकाची ओढ काढायचं काम तुझं होतं. तारा कुठं आवळायच्या, कुठं सैल करायच्या, ते तुला नुसतं कान देऊन कळायचं. बेअरिंगचे छर्रे बसवायचं काम माझं, कारण माझी बोटं बारीक. अप्पा वाटीत ग्रीस भरून माझ्यापुढं ठेवायचे आणि मी त्यात एकेक छर्रा ओळीनं चिकटवत जायची. वाटी गच्च भरली की अप्पा एक छर्रा काढून घ्यायचे. पहिल्या वेळी मला वाटलं माझं चुकलं. ते म्हणाले, फिरायला जागा लागते बाळ, गच्च भरलं तर कोण हलणार. दादाला ह्या कामात कधीच रस नव्हता. तो हँडल धरून उभा राहायचा आणि सारखा रस्त्याकडं बघायचा.

एवढ्या वर्षांनी हातात पाना धरला तर बोटांना सगळं आठवत होतं. चष्मा तेवढा नवा. वरचा नट गंजून बसलेला, डिझेल सोडून थोडा वेळ थांबले. मग तो हलला. हँडल वर काढलं, वरची वाटी उघडली, पुढचं चाक धरणारा चिमटा खाली ओढला. छर्रे टपटप खाली पडले. काही तर पडलेच नाहीत, लालसर वाळलेल्या ग्रीसमध्ये तसेच रुतून बसले होते. मी खालची वाटी डिझेलनं धुतली, पदरानं पुसली आणि उन्हात धरली.

खड्डे होते अक्का. खोल खड्डे. सायकल वर्षानुवर्षं सरळ चालते, छर्रे त्याच त्या जागी भार घेतात आणि लोखंडात घर करतात. हँडल सरळ आलं की सगळे छर्रे एकदम आपापल्या खड्ड्यात बसतात आणि मग निघत नाहीत. प्रत्येक वळणाला तुला ते हातानं उपसून काढावं लागत असणार. त्या खड्ड्यांवरून मी बोट फिरवलं आणि अंगणातच बसून रडले. तू खोटं बोलली नव्हतीस. हे हँडल रेटून कुणाचाही हात दुखला असता.

पण रडून झाल्यावर मला कळलं, की ह्यानं काहीच सुटलं नाही. हँडलनं हात दुखत होता हे खरं. आणि दुसरंही काही दुखत होतं हे पण खरं. खरं कारण हाताशी असलं की माणूस दुसरं शोधत नाही. की तू ते शोधलं होतंस आणि गप्प बसलीस? वाटीत ते लिहिलेलं नव्हतं.

अनुसया आली ती त्याच वेळी. माझे हात डिझेलनं काळे, पुढ्यात सायकलीचे भाग पसरलेले. ही कोण ते मला माहीत नव्हतं. तिनंच सांगितलं, की पाटापलीकडच्या गावची, आरोग्य केंद्राची आशाताई, अक्काबाईंबरोबर काम करायची. तिशीतली असेल. रडून रडून डोळे सुजलेले. पाणी दिलं ते तिनं घेतलं नाही. खाली बसली आणि सुट्या चिमट्याकडं बघून म्हणाली, खोललं का शेवटी.

मग तिनं जे सांगितलं ते तू मला कधी सांगितलं नव्हतंस. तिला गाव आणि पलीकडची वस्ती अशी रोज पायपीट होती. तू तिला सायकल शिकवत होतीस. सकाळी पाटाच्या कडेच्या रस्त्यावर ती सीटवर आणि तू मागं कॅरिअर धरून पळतेस. तुझं वय काय, तू पळतेस काय. एकदा वळणावर हँडल अडकलं आणि ती बाभळीत जाऊन पडली. तू तिचे काटे काढलेस आणि म्हणालीस, आधी हिची मान सरळ करते, मग ही सायकल तुझी.

मग ती खाली बघत बोलली.

"ताई, एक सांगायचं हाय. त्या माझ्यामागं पळायच्या अन् धापा टाकायच्या. पुलावर बसायच्या, छाती दाबून. मी म्हणलं अक्काबाई काय होऊन राहिलं, तर म्हणल्या वय झालं. मला तवाच कळाया पायजे होतं. माझ्यामुळंच झालं सगळं."

अक्का, त्या क्षणाला माझ्या मनात काय आलं ते तुला सांगते, तू कुणाला सांगणार नाहीस. एक क्षणभर मला वाटलं, होय, हिच्यामुळंच. दोष ठेवायला कुणीतरी मिळालं ह्याचं बरं वाटलं. मग मी तिच्या तोंडाकडं बघितलं. ती शिक्षा घ्यायला आल्यासारखी बसली होती. ती पाटापलीकडून चालत आली होती, आणि मी काही बोलले असते तर ते मनावर घेऊन जन्मभर तशीच चालत राहिली असती.

मी तिला म्हटलं, "तुला वय सांगितलं, मला हँडल सांगितलं. जे ज्याला पटेल ते त्याला सांगायची ती. तिला कुणाला कळू द्यायचंच नव्हतं. ह्यात तुझं काही नाही."

मग तिनं तांब्या उचलला आणि पाणी प्यायली.

दादा दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. ‘ही सायकल तुझी’ हे तू तिला दिलेलं वचन तर त्यानं नक्कीच ऐकलं होतं. तो अनुसयाला शांतपणे म्हणाला, बाई, तुम्ही आलात बरं झालं, पण ही सायकल घराबाहेर जाणार नाही. तुम्हाला दुसरी हवी तर बघू. ती गडबडून उठली. मी सायकल मागायला आले नाही म्हणाली, आणि निघालीच. मी तिला फाटकाशी गाठून नंबर घेतला आणि सांगितलं, नीट झाली की फोन करते. दादाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं.

त्या दिवसापासून आमच्या दोघांत अबोला. वहिनी ताटं वाढायची आणि दोघांकडं आळीपाळीनं बघायची. आमच्या ह्यांचा लातूरहून फोन आला, कधी येतेस. मी म्हटलं काम आहे. कसलं काम? मी म्हटलं सायकलीचं. मग म्हणाले, कर, झाल्यावर ये. भला माणूस आहे. तू त्यांना उगाच तेलाचा व्यापारी म्हणून चिडवायचीस.

आधी मी आळस केला. मुदखेडातून नुसते नवे छर्रे आणले, जुन्याच वाट्यांत भरले. अप्पा वरून बघत असते तर त्यांनी कपाळाला हात लावला असता. जोडून झाल्यावर हँडल फिरवलं तर तसंच, मधोमध येऊन बसतंय. छर्रे नवे असले म्हणून काय, खड्डे तेच. सगळं पुन्हा खोललं. आता वरच्या-खालच्या दोन्ही वाट्या, चिमट्यावरची कडी, नट, सगळंच बदलायचं असं ठरवलं. फ्रेमच्या आतून गज घालून, कडेकडेनं थोडं इकडं थोडं तिकडं ठोकत जुन्या वाट्या बाहेर काढल्या. एकाच बाजूनं ठोकलं की वाटी तिरकी होते आणि फ्रेमचं तोंड फाटतं. ते मला कुणी सांगावं लागलं नाही. फ्रेमचं तोंड मात्र ठणठणीत निघालं. अप्पांच्या हाताची चीज होती ती.

वाट्या रुमालात बांधून नांदेडला गेले. दुकानांत लहान मुलांच्या रंगीत सायकली आणि गिअरच्या सायकली. हे माप आता येत नाही, असं एकानं सांगितलं. दुसरा म्हणाला बाई, फ्रेमसकट बदला, सोपं पडेल. वाईट माणूस नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. तिसऱ्याकडं एक सेट मिळाला. खुशीत आले, बसवायला घेतला तर वाटी नुसत्या अंगठ्यानं आत गेली. सैल. अशी वाटी चालताना फ्रेममध्ये हलते आणि प्रत्येक खड्ड्याला ठक ठक करते. वहिनीचा भाऊ आला होता, तो म्हणाला पत्र्याची पट्टी घालून बसवा, चालतं. चालतं, थोडे दिवस. मग एक दिवस उतारावर सुटतं. अनुसयाला दुसऱ्यांदा बाभळीत घालायची माझी इच्छा नव्हती.

मग लातूरला गेले, घरही बघता येईल म्हणून. गंजगोलाईच्या मागं सगळी दुकानं पालथी घातली. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदारानं माळ्यावरून खोकं काढलं, त्यातल्या वाट्या काढून माझ्या जुन्या वाट्यांवर पालथ्या घालून बघितल्या. कडेला कड लागली. वर गंज आहे, घासून घ्या म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. मी तिथंच त्या रुमालात बांधून घेतल्या.

घरी आले तर हे म्हणाले, आता दोन दिवस राहा, थकलीस. दमले होते खरी. पण अक्का, मी त्या रात्री राहिले आणि सकाळच्या एसटीनं परत निघाले. थांबले असते तर थांबूनच गेले असते, हे मला कळत होतं. रडत बसायला अख्खा जन्म पडलाय. हे काम मात्र तेव्हाच व्हायला हवं होतं, माझ्या हातात जोर होता तोवर. तुझ्यावर चिडले होते तोवर.

वाटी बसवायला दोन माणसं लागतात. एकानं फ्रेम घट्ट धरायची, दुसऱ्यानं वर लाकडाचा ठोकळा ठेवून ठोकायचं. वहिनीला हाक मारली, तिला फ्रेमचा भार पेलेना. ती बाजूला झाली आणि फ्रेम पुन्हा धरली गेली. बघते तर दादा. लहानपणी धरायचा तसाच, पण ह्या वेळी रस्त्याकडं बघत नव्हता. मी ठोकू लागले. पहिली वाटी सरळ बसली, आवाजच सांगतो, ठोकळ्याचा आवाज भरीव होतो. फ्रेम उलटी केली. दुसरी बसली. चिमट्यावर कडी बसवली. ग्रीस भरलं.

छर्रे लावायला लागले तेव्हा तो बोलला.

"मला पण तेच सांगितलं तिनं. हँडल. रोज संध्याकाळी हात चोळत बसायची. मी रोज बघत होतो मंगल. तू तिकडं लातूरला होतीस, मी तर इथंच होतो."

मी मान वर केली नाही. वर केली असती तर त्याला पुढं बोलता आलं नसतं. तो म्हणाला की सायकल घरात ठेवली की निदान तिच्याकडं बघून रोज आठवेल, विसरायची सोय राहणार नाही. मला तोवर वाटत होतं त्याला मिरवायचंय. अक्का, तो स्वतःला शिक्षा म्हणून ती भिंतीवर टांगत होता.

मी त्याला म्हटलं, तिनं आपल्या तिघांना फसवलं, मला, तुला आणि त्या पोरीला. कदाचित स्वतःलाही. फसलेल्यांनी एकमेकांकडं गुन्हेगारासारखं बघायचं नसतं. मग वाटी गच्च भरली म्हणून मी एक छर्रा काढून त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं मूठ मिटली.

नट आवळणं हे सगळ्यात नाजूक. जास्त आवळला की हँडल जड, कमी आवळला तर पुढचा ब्रेक धरून हलवलं की खडखड. थोडं आवळायचं, बघायचं, थोडं सोडायचं. बराच वेळ गेला. शेवटी पुढचं चाक उचलून धरलं आणि हँडलला बोट लावलं. ते एका बाजूला झुललं, मध्ये कुठंही न थांबता दुसऱ्या बाजूला गेलं आणि परत आलं. आम्ही दोघं ते बघत उभे राहिलो. दादा म्हणाला, एक चक्कर मारून येतो. स्टेशनपर्यंत गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा डोळे लाल होते आणि फक्त एवढंच म्हणाला, सीट त्या पोरीच्या उंचीला खाली घ्यावी लागेल. मग स्वतःच पाना घेतला.

अनुसयाला बोलावलं. पाटाच्या रस्त्यावर दादा आणि मी गेलो. मागं पळणार कोण हा प्रश्नच नव्हता, कारण तिला बॅलन्स तू शिकवून ठेवला होतास, भीती तेवढी बाकी होती. ती त्याच वळणाशी येऊन थांबली, खाली उतरली. बाभळीकडं बघत राहिली. मी तिला सांगितलं, सायकल हातात धरून चाल हवं तर, घाई नाही. ती म्हणाली, न्हाई, बसूनच जाते. दुसऱ्यांदा बसली आणि वळली. पलीकडं जाऊन तिनं मागं बघितलं नाही, सरळ गावाकडंच निघून गेली. आम्ही दोघं चालत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मी दादाला नांदेडला नेलं आणि त्याच्या छातीची तपासणी करून घेतली. तो नको म्हणत होता. खांदा दुखतोय तो फ्रेम धरल्यानं, असं म्हणाला. मी त्याच्याकडं फक्त बघितलं, तो गुपचूप चप्पल घालून निघाला. गोळ्या चालू झाल्यात. माझीही तपासणी केली, काही निघालं नाही.

आपलं जुनं भांडण तसंच राहिलं. तू लातूरला येऊन राहावंस हे मी शेवटपर्यंत म्हणत राहिले, आणि तू म्हणत राहिलीस की तिथं मी काय करणार, क्लासच्या पोरांच्या गर्दीत. रिटायर झाल्यावरही गावं सोडली नाहीस. मी अजूनही म्हणते तू यायला हवं होतंस. मरून तू हे भांडण जिंकलीस असं समजू नकोस. आणि तुला माहीत होतं का नव्हतं, हेही मी सोडलेलं नाही. काही दिवस वाटतं तुला पक्कं माहीत होतं आणि आमच्या हातात आजारी होऊन पडण्यापेक्षा तू सायकलीवर राहणं निवडलंस. मग तुझ्यावर रागावते. काही दिवस वाटतं तुला खरंच वाटलं असेल की वाट्या बदलल्या की बरं होईल, आणि मग तुला जवळ घ्यावंसं वाटतं. दोन्ही दिवशी तुझे उपकार तेवढेच आहेत. मला पाना धरायला अप्पांनी शिकवलं, पण बाईनं धरला तर हात काळे होण्यापलीकडं काही होत नाही, हे तू दाखवलंस.

परवा अनुसयाचा फोन आला. आवाज पडलेला. वस्तीवरची एक बाई डावा हात दुखतोय म्हणाली, खुरपून दुखतोय म्हणाली. अनुसयानं तिला सांगितलं, खुरपूनच असंल, तरी चल. तिच्या सासूनं कटकट केली, ऐन कामाचा दिवस. तरी हिनं तिला मुदखेडहून नांदेडला नेलं, सगळ्या तपासण्या करवल्या. काहीच निघालं नाही. डॉक्टर म्हणाले खुरपणीनंच दुखतोय, शेक द्या. आता वस्तीवर लोक हसून राहिलेत, की नवी सायकल आली तशी ही बाई कुणालाही दवाखान्यात ओढते. सासू तर दारात उभी करीना.

"ताई, चुकलं का माझं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, नाही. पुढच्या बाईलाही असंच न्यायचं.